दाभणअण्णांची ठेव

दाभणअण्णांच्या उजव्या कानामागे दाभण नसला, तर समजायचं की अण्णा एकतर आंघोळीला गेलेत, नाहीतर त्यांना सणकून ताप भरलाय. एरवी ती बोटभर लांबीची जाडजूड सुई तिथंच असायची. लोक कानावर पेन्सिल ठेवतात, कुणी विडी ठेवतं. अण्णा दाभण ठेवायचे, आणि तोही टोक पुढं करून, त्यामुळे त्यांच्याशी कानगोष्ट करायची कुणाची छाती नव्हती. एकदा एका लग्नात नवरदेवाच्या बुटाचा पट्टा ऐन वेळी तुटला. सगळे धावाधाव करायला लागले. अण्णांनी कानामागून दाभण काढला, खिशातून मेण लावलेला दोरा काढला, आणि बूट पायातून उतरवायलासुद्धा न लावता जागच्या जागी शिवून दिला. ते लग्न पुढं कसं चाललं हे त्या नवरा-बायकोलाच ठाऊक. बूट मात्र अजून चालतोय.

अण्णा बाइंडर होते. फाटकी, सुटी झालेली, पोरांच्या हातचा मार खाल्लेली पुस्तकं त्यांच्याकडे यायची आणि धट्टीकट्टी होऊन परत जायची. रस्त्याला लागून असलेली पुढची खोली म्हणजे दुकान, मागची खोली म्हणजे घर, आणि मधल्या दाराला पडदा. पडदा एवढ्यासाठी, की गिऱ्हाइकाला वाटावं पलीकडे मोठा कारखाना आहे. पलीकडे असायच्या फक्त काकू, म्हणजे अण्णांची बायको. सगळी गल्लीच त्यांना काकू म्हणायची. एका बाजूला छापील कागदांच्या घड्या घालायच्या, दुसऱ्या बाजूला स्टोव्हवरचं पातेलं ढवळायचं, असा त्यांचा कारखाना. पातेल्यात कधी जेवण असायचं, कधी चिकटवायची खळ. एकदा अण्णांनी घाईत खळीचं पातेलं ओढलं, ताटात वाढून घेतलं आणि "आज जरा सपक झालंय" म्हणत अर्धं ताट संपवलं. नशीब, कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात तो अजून घालायचा होता, नाहीतर ही गोष्ट इथंच संपली असती.

काम ते शिकले एका उस्तादांकडे. उस्ताद कडक. उमेदवारीच्या दिवसांत अण्णांनी एका वकिलाचं जाडं पुस्तक उलट्या पुठ्ठ्यात बसवलं. वकीलसाहेब कोर्टात उभे राहून पुस्तक उघडायचे, तर समोरच्या वकिलाला पुठ्ठ्यावरची अक्षरं डोक्यावर उभी दिसायची. त्याला वाटायचं, हा माणूस पुस्तक उलटं धरून वाचतो, म्हणजे याला कायदा किती तोंडपाठ असेल! तो तिथंच गार व्हायचा. उस्ताद चूक दुरुस्त करायला पुस्तक मागायला गेले, तर वकीलसाहेब पुस्तक देईनात. पण उस्तादांनी परत येऊन अण्णांचा कान असा पिळला की दाभण ठेवायला जागा तेव्हाच तयार झाली, असं काकू म्हणायच्या.

त्या उस्तादांची शिकवण साधी होती. हातात पुस्तक आलं की आधी लोखंडी पिना काढायच्या, कारण पिन म्हणजे कागदाच्या पोटात राहिलेला खिळा, तो आज ना उद्या गंजणार. मग दोऱ्यानं जुजबंदी शिलाई करायची, म्हणजे प्रत्येक घडीच्या पोटातून दोरा गेला पाहिजे. आणि शेवटी तिन्ही बाजूंच्या कडा कापायच्या. कडा न कापलेलं पुस्तक म्हणजे दाढी न करता लग्नाला उभा राहिलेला नवरदेव, असं उस्ताद म्हणायचे. अण्णांनी हे जन्मभर पाळलं. आणि सगळा घोटाळा झाला तो याच्यामुळेच.

झालं असं. बदली होऊन निघालेल्या कुणा साहेबांच्या घरची रद्दी अण्णांनी पुठ्ठ्यांना आतून अस्तर लावायला आणली होती. त्यात निघाली कॉमिक्स. पहिल्या पानावर खळीचा ब्रश टेकवणार, एवढ्यात अण्णांची नजर चित्रावर गेली. 'कप्तान कुलूप' नावाचा एक मिशीवाला हेर विहिरीत उलटा लटकला होता आणि वर दोर कापणारा चोर त्याला विचारत होता, "शेवटची इच्छा?" कप्तान म्हणत होता, "जरा खाज सुटलीय, तेवढी खाजवून दे." अण्णांनी ब्रश बाजूला ठेवला. पान उलटलं. मग पुढचं. ब्रशवरची खळ वाळून दगड झाली, दारात आलेलं गिऱ्हाईक खाकरून खाकरून निघून गेलं, आणि अण्णा एकटेच हसताहेत. त्या दिवसापासून रद्दीवाल्याकडे अण्णांची वर्दी लागली: कॉमिक्स आली की आधी इकडं. कप्तान कुलूप झाला, मग छत्री उघडून उडणारी गगनआत्या आली. खाटेखालची ट्रंक हळूहळू भरत गेली. काकू म्हणायच्या, "माणसं म्हातारपणी पोथ्या वाचतात. हे बघा, मिशा पिकायला लागल्या आणि हे गगनआत्या वाचतायत."

इथवर सगळं ठीक होतं. पण एके दिवशी अण्णा न्हाव्याकडे दाढीला बसले. न्हाव्याला पेपर मोठ्यानं वाचायची खोड. त्यानं वाचलं, दूर कुठल्याशा शहरात एका जुन्या कॉमिकचा लिलाव झाला आणि त्याला म्हणे एका घराएवढी किंमत आली. अण्णा ताडकन उठले. गळ्यात टॉवेल, अर्ध्या गालाला साबण, तसेच घरी.

"अगं, ऐकलंस का! आपल्याकडे ठेव आहे!"

काकू स्टोव्हला पंप मारत होत्या. "काय ठेवू?"

"ठेवू नाही गं, ठेव! ठेव!"

"अहो पण काय ठेवू? आणि आधी तो साबण पुसा, पातेल्यात गळतोय."

अण्णांनी मग खाटेखालची ट्रंक ओढून काढली आणि तिच्यावर हात ठेवून सगळं सांगितलं. बँकेत लोक ठेव ठेवतात, तशी ही आपली ठेव. जितकी जुनी होईल तितकी पिकेल. पिकली की मागच्या अंगणात स्वयंपाकघर बांधायचं. वेगळं. आणि त्याला दोन खिडक्या.

काकूंनी पंप मारायचा थांबवला. "दोन कशाला? एक पुरे," त्या म्हणाल्या. पण त्या दोन खिडक्या त्यांच्या मनात बसल्या त्या बसल्याच.

आता इतकी मोलाची वस्तू हाती आल्यावर चांगला कारागीर काय करेल? अण्णांनी तेच केलं. दुसऱ्याच्या पुस्तकांना जे ते गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे करत, ते आपल्या ठेवीला हात न आखडता केलं. एकेका कॉमिकच्या पिना चिमट्यानं हळूच काढल्या. बाइंडर काहीच टाकून देत नाही, म्हणून त्या पिनासुद्धा एका गोळ्यांच्या डबीत भरून ठेवल्या. मऊ पडलेल्या मुखपृष्ठांना मागून मलमल चिकटवली. जुजबंदी शिलाई घातली, आणि दोरा असा ओढला की हत्ती लोंबकळला तरी पान सुटू नये. मग कटिंग मशीनचं मोठं चाक फिरवलं आणि खाड्‌कन तिन्ही बाजूंच्या कडा सरळ! गगनआत्याच्या पायाची बोटं थोडी गेली, कप्तानाच्या टोपीचा शेंडा गेला, पण कड कशी? आरशासारखी. वर लाल रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं. असे जाडजूड खंड तयार झाले की न्यायाधीशाच्या मागच्या कपाटात शोभावेत.

मशीनखाली रंगीत कातरणांचा ढीग पडला. काकूंनी तो झाडून गोळा केला आणि त्यात अण्णांची उशी भरली. तेव्हापासून अण्णांनी कूस बदलली की उशी कुरकुरायची.

खंड ठेवायला एक भक्कम लाकडी कपाट आणलं. मागच्या खोलीत ते बसेल अशी एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला घरातली एकुलती एक खिडकी. "ती झाकली गेली तर बरंच आहे," अण्णा म्हणाले. "ऊन लागलं की रंग उडतो. रंग उडाला की किंमत उतरते. ठेवीला अंधार लागतो." कपाट बसलं, खिडकी गेली. काकू दिवसाढवळ्या दिवा लावून काम करायला लागल्या. "थोडे दिवस," असं अण्णा म्हणाले होते, आणि त्या दिवसांत तेव्हा रांगणारी लेक मोठी झाली, शिकली, लग्न होऊन दोन रस्ते पलीकडे नांदायलाही गेली.

काकूंचा धाकटा भाऊ बँकेत होता. तो आला की चहाबरोबर हाच विषय.

"दाजी, ठेव म्हणजे कशी असावी? पावती हातात, व्याज खात्यात."

"तुझी पावती वाचून हसू येतं का?" अण्णा विचारायचे.

"व्याज बघून येतं की हल्ली!" काकू मध्येच म्हणायच्या, आणि भावाचा चहा नाकात जायचा.

पण काकू नुसत्या थट्टाच करायच्या असं नाही. कधी वैतागून म्हणायच्या, "ठेव, ठेव! जन्म गेला माझा ठेवण्यात. हे ठेव, ते ठेव, आणि ती एक ठेव, ती तर हलवायचीही नाही." अण्णा तेव्हा उगीच खळ ढवळत बसायचे. त्यांना ते लागायचं. कारण बायकोला दिलेला तो एकच शब्द होता, आणि तो त्या कपाटात बंद होता.

मग एक दिवस असा आला की काकूंना सुईत दोरा ओवता येईना. दिव्याखाली धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, दोरा जिभेवर ओला करून पाहिला. शेवटी सुई तशीच टोचून ठेवली आणि लेक संध्याकाळी आली तेव्हा म्हणाल्या, "एवढं ओवून दे गं." जन्मभर बाइंडिंगच्या सुया ओवणारी बाई! लेकीनं आईकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं.

"बाबा, तुमची ती ठेव पिकली का नाही अजून?"

"पिकली असेल," अण्णा म्हणाले. आवाज जरा खोलच होता. "काढायला हवी आता."

लेकीनं फोनवर खंडांचे फोटो काढले आणि कुठंकुठं टाकले. जुन्या कॉमिक्सचा शौक असलेला, त्यांची खरेदी-विक्री करणारा एक व्यापारी बघायला येतो म्हणाला. अण्णांनी शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याला बोलावून अंगणात खडूनं रेघा मारून घेतल्या. गवंड्यानं विचारलं, "खिडक्या किती?" अण्णा म्हणाले, "दोन." काकू पडद्याआड होत्या. त्यांनी ऐकलं.

व्यापारी आला तो बसनं, हातात पिशवी घेऊन. मध्यम वयाचा, पोट सुटलेला, बोलायला मऊ. अण्णांनी त्याच्यासाठी दुकानातलं टेबल पुसून ठेवलं होतं. त्यानं पिशवीतून पांढरे हातमोजे काढून चढवले. काकू लेकीच्या कानात कुजबुजल्या, "डॉक्टर आहे का गं हा?"

अण्णांनी पहिला खंड दोन्ही हातांनी आणून ठेवला. व्यापाऱ्यानं पुठ्ठा उघडला. पहिलं पान पाहिलं आणि त्याच्या तोंडून "अरे वा!" निघालं. अण्णांनी काकूंकडे मान वळवली. मग व्यापाऱ्यानं पानाच्या कडेवरून बोट फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. मग मधली शिलाई पाहिली.

"ह्याच्या कडा..." तो म्हणाला, "कुणी कापल्या?"

"मीच!" अण्णांची छाती फुगली. "एका घावात. बघा, कुठं दात दिसतोय का."

"आणि पिना?"

"सगळ्या काढल्या. एक ठेवली नाही आत. गंजायला लागल्या होत्या हो."

व्यापाऱ्यानं हातमोजे काढले. एक एक बोट ओढून, सावकाश. लेकीला ते पाहूनच कळलं. अण्णांना नाही कळलं.

"दुसरा आणू? तो ह्याहून सरस झालाय."

"अण्णा, बसा जरा," व्यापारी म्हणाला. त्याला बोलणं जड जात होतं. "काम फार सुंदर आहे. असं मी पाहिलेलं नाही. पण आमच्यातल्या वेड्यांना कॉमिक कसं लागतं, सांगू? दुकानातून जसं निघालं तसं. तीच कड, तीच पिन, त्याच जागी. पिनेला गंज असला तरी चालतो, पण पिन तीच हवी. कड कापली की ते गेलं. चिकटवलं की गेलं. तुम्ही तर..." तो थांबला.

"मी तर सगळंच केलं," अण्णा म्हणाले.

अण्णांनी उघडा खंड हळूच मिटला. मग विचारलं, "म्हणजे मी हात लावला नसता तर? ट्रंकेत तशीच पडली असती तर?"

"तर ह्यातल्या काहींना चांगली किंमत आली असती."

"गंजाला किंमत होती, तर त्या पेपरवाल्यानं तसं छापायचं की हो!"

व्यापारी कसनुसं हसला. अण्णांना बरं वाटावं म्हणून असेल, नाहीतर खरंच मनात असेल, तो आपलंही सांगायला लागला. लोकांना वाटतं, जुनं झालं की भाव आला. भाव येतो थोड्यांना. बाकीची कॉमिक्स नुसती म्हातारी होतात. ज्याला भाव येतो त्यालाही गिऱ्हाईक भेटावं लागतं, आणि ते आज भेटेल की पाच वर्षांनी, कुणी सांगावं? "कुठलं चढणार हे मला आधी कळत असतं, तर मी तुमच्याकडे असा बसनं आलो असतो का?" त्याच्या स्वतःच्या घरी म्हणे भिंतभर कॉमिक्स होती, प्रत्येक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात, तोंड बंद.

"मग वाचता कशी?" काकूंनी विचारलं.

"वाचत नाही. पाकीट उघडलं की किंमत उतरते."

काकू चहा ठेवायला आत गेल्या. बाहेर येऊन पाहतात तो व्यापारी टेबलावर दोन्ही कोपरं टेकून तो खंड वाचत बसलेला. हातमोजे पिशवीत. बोटाला थुंकी लावून पान उलटतोय! चहा थंड झाला. दुसरा केला, तोही थंड झाला. मध्येच तो खदखदा हसायचा आणि अण्णांना पान दाखवायचा. "हा भाग! लहानपणी ह्याचा शेवटच मिळाला नव्हता मला. कप्तान विहिरीतून निघतो कसा?"

"पुढं बघा," अण्णा म्हणाले. मन थाऱ्यावर नसतानाही त्यांच्याकडून राहवलं नाही. "मिशीचा गळ करतो."

जाताना त्यानं वाचनापुरती म्हणून सगळ्या खंडांची एक किंमत सांगितली. ऐकून लेकीनं मान खाली घातली. "विचार करून कळवा," तो म्हणाला आणि जड पावलांनी बसथांब्याकडे गेला.

थोड्या वेळानं बँकवाला मामा आला. आज ठेव मोडणार हे त्याला ठाऊक होतं. तोंडावर हसू घेऊनच आला होता. लेकीनं दारातच त्याला दोन शब्दांत सांगितलं. त्याचं हसू गेलं. अण्णांच्या शेजारी तो स्टूल ओढून बसला. मग म्हणाला, "दाजी, खरं सांगू का, बँकेचंही व्याज घटलंय हल्ली." आजवर हे त्यानं कुणासमोर कबूल केलं नव्हतं.

सगळे पांगले. ऊन उतरायला लागलं तेव्हा दुकानात काहीतरी खरडल्याचा आवाज यायला लागला. काकूंनी पडदा सारला. अण्णांनी पहिला खंड शिकंज्यात आवळून धरला होता आणि हातातल्या दाभणानं आपलीच शिलाई उसवत होते. शेजारी गोळ्यांची डबी उघडी होती, आणि तीत जुन्या गंजक्या पिना.

"अहो, काय चाललंय हे?"

"पिना परत बसवतो. त्याच आहेत. त्याच भोकांत बसतील."

"कुठली पिन कुठली, कळतं का?"

अण्णांनी दाभण घालून ओढला. शिलाई सुटेना. पुन्हा ओढला. हत्ती लोंबकळला तरी सुटू नये अशी शिवलेली, ती माणसानं ओढून कशी सुटावी? अण्णांच्या कपाळावर घाम आला. "मेल्या," ते खंडाला म्हणाले, "कुणी शिवलं रे तुला?"

काकूंना हसू फुटत होतं, पण त्यांनी ते आवरलं. "बरं, पिना बसवाल. पण कडा? त्या कुठून आणाल?"

अण्णांचा हात थांबला.

काकू आत गेल्या आणि अण्णांची उशी घेऊन आल्या. खालच्या कोपऱ्याची शिवण त्यांनी दातांनी तोडली आणि उशी टेबलावर उलटी केली. झुर्रर्र करत लाल, पिवळ्या, निळ्या कातरणांचा डोंगर उभा राहिला.

"हे..." अण्णा म्हणाले.

"त्याच आहेत. कटिंग केलंत तेव्हा मीच भरल्या होत्या. विसरलात? इतकी वर्षं ठेवीवरच डोकं ठेवून झोपलात तुम्ही."

अण्णांनी एक पट्टी उचलली. तिच्यावर फक्त निळं आभाळ होतं. दुसरीवर कुणाची तरी पाच बोटं. त्यांनी शिकंजा सैल केला, खंडातलं गगनआत्याचं पान उघडलं आणि ती पट्टी खाली लावून पाहिली. गगनआत्याला पाय आले. तेवढ्यात काकूंनी ढिगातून टोपीचा एक शेंडा शोधून काढला. "हा बघा, तुमच्या त्या विहिरीतल्याचा!" तो मात्र जुळेना, तो निघाला दुसऱ्याच कुठल्या तरी गाढवाचा कान. मग दोघंही असे हसत सुटले की बाहेरून जाणारा माणूस डोकावून गेला. हसता हसता अण्णांचे डोळे भरून आले, आणि ते भरलेलेच राहिले.

"मी तुला दोन खिडक्या सांगितल्या होत्या," ते म्हणाले.

"हो."

"खडूच्या रेघासुद्धा मारून घेतल्या."

"त्या पावसानं जातील." काकूंनी कातरणं पुन्हा उशीत भरायला घेतली. "माझं एक ऐका. कपाट खिडकीसमोर का ठेवलं होतं?"

"ऊन लागू नये म्हणून. किंमत..." अण्णा बोलता बोलता थांबले. तोंड उघडंच राहिलं.

"मग?" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकवाला मामा बाह्या सरसावून आला. लेकही आली. आधी खंड काढून खाटेवर रचले, मग "हं, ओढा," "दाजी, तुमची बाजू," "मामा, पाय सांभाळा" करत कपाट भिंतीपासून सुटलं आणि पुढच्या दुकानात जाऊन उभं राहिलं. मागं कोळ्यांची जाळी, एक हरवलेला चमचा, आणि खिडकी. झडपा रंगानं घट्ट बसलेल्या. मामानं धक्का दिला, लेकीनं दिला. मग अण्णांनी कानामागचा दाभण काढला आणि उस्तादांनी शिकवल्या हातानं फटीतून वरपासून खालपर्यंत फिरवला. झडप करकरली आणि उघडली.

उजेड आत आला तो नुसता शिरला नाही. समोरच्या पत्र्यावरून परतून थेट खाटेपर्यंत आला. खोलीतल्या भिंतींचा रंग काय आहे हे लेकीला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. "आई, आपल्या भिंती पिवळ्या आहेत?" काकूंनी दिवा बंद केला. खिडकीपाशी उभं राहून त्यांनी पदराला टोचलेली सुई काढली, दोऱ्याचं टोक ओलं केलं. एकदा चुकलं. दुसऱ्यांदा चुकलं. मग दोरा भोकातून पलीकडे निघाला. त्यांनी सुई उजेडात वर धरून अण्णांना दाखवली.

अण्णा खाटेपाशी उभे होते, दोन्ही हातांत लाल खंड पोटाशी धरून. "त्या व्यापाऱ्याला कळवून टाकतो," ते म्हणाले. "येईल त्या पैशांत निदान तुला चष्मा होईल. नाहीतर इथं उन्हात रंग उडून जायचे."

"चष्म्याचं बघू आपण. लेकीनं कालच विषय काढलाय," काकू म्हणाल्या. "तो बिचारा काल तासभर हसला. घरी भिंतभर आहेत म्हणे, आणि एकही उघडता येत नाही. त्याला सांगा, वाचायला येत जा. आणि रंग उडेपर्यंत आपलंही वाचून होईल की. मला तरी कुठं ठाऊक आहे तो मिशीवाला मिशीच्या गळानं विहिरीतून निघाला कसा."

"मग हे?" अण्णांनी हातातल्या खंडांकडे पाहिलं. "हे कुठं?"

काकूंनी खिडकीच्या रुंद कट्ट्यावरची धूळ पदरानं पुसली आणि बाजूला सरकल्या.

"ठेवा," त्या म्हणाल्या.